लिक्विड क्रिस्टलनं प्रकाश वळतो, पण असा नाही

सोलापुरात इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘काचेच्या वेव्हगाइडवर जुन्या एलसीडीतलं लिक्विड क्रिस्टल लावा, बॅटरी जोडा, प्रकाश हवा तिकडे वळेल. वीज जवळपास शून्य, नेट हजारपट वेगवान.’ यातलं विजेचं तेवढं बऱ्यापैकी खरं. वेव्हगाइड म्हणजे प्रकाशाला आत धरून नेणारी बारीक वाट, लिक्विड क्रिस्टल म्हणजे एका ओळीत राहणाऱ्या रेणूंचा द्रव.

आधी काच. तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याचं माप, १.४५ ते १.५२. ई७ या लिक्विड क्रिस्टलच्या नेहमीच्या मिश्रणाचे दोन अपवर्तनांक असतात, सुमारे १.५२ आणि १.७५. वेव्हगाइडच्या गाभ्याचा अपवर्तनांक भोवतालापेक्षा जास्त हवा. इथे उलटं होतं आणि प्रकाश वळण्याऐवजी गळतो. गाभा सिलिकॉन नायट्राइडचा घ्या, सुमारे २.०. मग गाभ्याबाहेर डोकावणारा प्रकाशाचा थोडा भाग लिक्विड क्रिस्टलमधून जातो, व्होल्टेजनं रेणू फिरले की फेज, म्हणजे प्रकाशलहरीची लय, सरकते. वळण हवं तर ही फेज माख-झेंडर रचनेत, म्हणजे प्रकाश दोन वाटांत विभागून पुन्हा जुळवणाऱ्या रचनेत, वापरावी लागते.

फुटक्या मॉनिटरमधून निघणार जेमतेम अर्धा-पाऊण मिली, तेही सीलच्या गोंदानं आणि धुळीनं नासलेलं. मिश्रण कोणतं, कोण सांगणार?

बॅटरी तर नकोच. डीसी दिला की द्रवातले आयन इलेक्ट्रोडपाशी जमतात, आतलं विद्युत क्षेत्र झाकोळतं. सुरुवातीला चालतं, मग उतरत जातं. १ किलोहर्ट्झचा चौकोनी एसी द्या, सरासरी शून्य ठेवून.

वीज खरंच कमी, कारण ही रचना कपॅसिटरसारखी, आरपार प्रवाह जवळपास वाहत नाही. पण ई७सारख्या नेमॅटिक प्रकारच्या लिक्विड क्रिस्टलला स्थिती टिकवायला व्होल्टेज धरून ठेवावंच लागतं.

वेगाचा दावा मात्र पार उलटा. व्होल्टेज काढल्यावर ५ मायक्रॉन थरातल्या ई७चे रेणू परतायला साधारण ४०-५० मिलीसेकंद घेतात. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. यानं मार्ग बदलता येतो, डेटा ठोकता येत नाही. चादरीच्या मागावर जॅकार्डची पट्टी नक्षी ठरवते, धोट्याचा वेग नव्हे.

आणि ऊन. स्वस्त म्हणून ५सीबी हे लिक्विड क्रिस्टल घेतलंत तर ते साधारण ३५ अंशांनाच साधा द्रव होतं. मे महिन्यात पंख्याखालच्या लॅबमध्ये रेणूंची ओळ उरतच नाही. ई७ला ५८-६० अंशांपर्यंत मुभा असते. सेल (द्रव ठेवायची पातळ पोकळी) भरताना मात्र तापमान त्याहूनही वर न्या, कडेला थेंब ठेवून द्रव आपोआप आत ओढू द्या आणि हळू थंड करा. घाई केलीत तर बुडबुडे आणि वाकडीतिकडी रांग. एकमेकांना काटकोनात धरलेल्या दोन पोलरायझरमध्ये (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या पट्ट्यांमध्ये) सेल ठेवून ड्रायरनं तापवा: चमकणारा भाग एकदम काळा पडला की समजा, मर्यादा ओलांडली.