पांढरं रेशन कार्ड आणि लेकीचा पंप

गेल्या डिसेंबरात रात्री दोनला लेकीला उचलून दवाखान्यात पळालो. सहा वर्षांची पोर, दम्याची. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, ‘बाबा पाणी’ म्हणायलाही मध्ये थांबत होती. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावला. त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तक्रार काउंटरची आहे.

“मेडिक्लेम आहे का?”
“नाही.”
“मग पंचवीस हजार डिपॉझिट.”

माझ्या खात्यातले बारा, मेव्हण्याला झोपेतून उठवून दहा, बाकीचे सकाळी. तीन रात्री राहिलो, बिल झालं ४१ हजार.

एमआयडीसीत माझं वेल्डिंगचं छोटं वर्कशॉप आहे. मी आणि दोन पोरं. ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू व्हायला साधारण दहा माणसं लागतात, त्यामुळे पगार २१ हजारांच्या आत असूनही पोरांना ती नाही. आणि मी तर काय, मालक! महिन्याला सव्वीस-सत्तावीस हजार सुटतात तेव्हा या शब्दाचं हसू येतं.

डिस्चार्जच्या दिवशी पाण्याची बाटली भरायला गेलो तर कूलरशेजारी एक टेबल दिसलं. महात्मा फुले जन आरोग्य योजना, आरोग्यमित्र, म्हणजे योजनेची माहिती द्यायला बसवलेलं माणूस. डिपॉझिट भरलेल्या काउंटरपासून मोजून वीस पावलं. सहज विचारलं. त्या ताई म्हणाल्या, “दादा, रेशन कार्ड कोणतं?” मी म्हटलं, “पांढरं, ते कुठे चालतं!” त्या म्हणाल्या, “चालतं की. आता सगळ्यांनाच चालतं.”

१ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही कार्ड असलं तरी कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार या योजनेत आहेत. आजार यादीत हवा, दवाखाना योजनेत हवा, काही शस्त्रक्रिया फक्त सरकारी दवाखान्यांसाठी राखीव आहेत, आणि मंजुरी उपचार चालू असतानाच घ्यावी लागते. आम्ही बिल भरून बसलेलो. “ॲडमिट केलं तेव्हाच यायचं ना,” ताई म्हणाल्या. अहो, पण सांगितलं कुणी?

खरं सांगायचं तर त्या रात्री माझं कार्ड चाललंही नसतं. त्याचा बारा आकडी ऑनलाइन नंबर मी कधी काढून घेतला नव्हता, लेकीचं नाव चढवलं नव्हतं आणि बायकोचं नाव अजून सिन्नरला सासऱ्यांच्या कार्डावर होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली. पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही म्हणून ते कपाटात पडलेलं. हा आळस माझा. चार दिवस वर्कशॉप बंद ठेवून निस्तरला.

पण योजनेतल्या दवाखान्याचा पहिला प्रश्न ‘मेडिक्लेम आहे का’ आणि दुसरा थेट ‘डिपॉझिट’ का? मध्ये ‘रेशन कार्ड आहे का’ एवढे चार शब्द का बसत नाहीत? मांडीवर पोर धापा टाकत असताना बापाने योजनांचे बोर्ड शोधत फिरायचं का? २०२१ च्या नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. सनद होती तिथे. तिच्यासमोर घडी केलेल्या व्हीलचेअर उभ्या होत्या.

ट्रस्टच्या दवाखान्यांचंही तसंच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१अअ खाली धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्याव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. म्हणजे मी निम्म्या दरात बसतो! तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आता काढून ठेवलाय.

आणि हे सगळं झालं ॲडमिट झाल्यावरचं. आमची पोर तीन वर्षांत एकदा ॲडमिट झाली. खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला आहे. दम्याचा पंप (इनहेलर), सर्दी झाली की नेब्युलायझर, तपासणीची फी आठशे, मध्येच एक्स-रे. बायकोने वहीत मांडलं, वर्षाचे ३१ हजार. पाच लाखांच्या योजनेत यातला एक रुपया बसत नाही. पोर आडवी पडली तर सरकार पाच लाख द्यायला तयार, पण ती आडवी पडू नये म्हणून रोज जो पंप लागतो तो बापाच्या खिशातून. हा हिशोब कुणी मांडला, मला त्याला भेटायचंय.

“मेडिक्लेम काढ ना” म्हणणारे येतीलच. चौघांचा हप्ता २७ हजार सांगितलाय. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जीएसटी गेला, बरं झालं. पण दमा आधीपासूनचा, त्यासाठी तीन वर्षं थांबा, आणि ओपीडी तिथेही नाही. तरी काढणार आहे, हप्ता जमला की.

तोवर सरकारी. आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. “तिथे कोण जातं” म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. दोन तास रांगेत उभा राहिलो. मॅडमनी आत घेतलं आणि लेकीला म्हणाल्या, “पंप कसा घेतेस, दाखव बघू.” तिने तोंडात धरून फुस्स केलं. मॅडम हसल्या. औषध सगळं घशातच बसत होतं! ती नळी, स्पेसर, आमच्या घरात होती, पण खेळण्यांच्या डब्यात. आठशे फी देऊन इतक्या वेळा दाखवलं, पण पंप कसा घेते हे कुणी विचारलं नव्हतं.

चिठ्ठीवर त्यांनी कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं नाव लिहिलं. ती चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांच्या सरकारी योजनेतल्या दुकानात गेलो, महिन्याचा खर्च निम्म्याच्याही खाली आला. आमच्या नेहमीच्या मेडिकलवाल्याने मात्र तोंड वाकडं केलं. “त्यात पॉवर नसते” म्हणे. मार्च उजाडला, पोर अजून जिना चढून येते.

कार्ड ऑनलाइन करायला काय कागद लागले ते हवं असेल तर खाली कमेंटमध्येच विचारा, इनबॉक्समध्ये नको. बाकीच्यांनाही दिसेल. आणि बायकोचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी केलं का, ते आज घरी गेल्यावर बघा.