वासोटा 'निवांत निघून संध्याकाळी घरी'? घड्याळ लावून बघा

थंडी पडायला लागली की ट्रेकच्या ग्रुपवर वासोटा गडाबद्दलचा तोच मेसेज फिरतो. यंदा मला तीनदा आला, त्यातला एक मावशीकडून. मजकूर साधारण असा: 'वासोटा म्हणजे एक दिवसाचा सोपा ट्रेक. पुण्याहून सकाळी निवांत निघा, दोन तासांत माथा. सगळी वाट झाडीतून, ऊन लागतच नाही, एक बाटली पाणी पुरे. वाट चुकायचा प्रश्न नाही, मोबाईल आहेच. पावसाळ्यात तर स्वर्ग!'

मावशीला फोनवर उत्तर दिलं. बाकीच्यांसाठी हे.

आधी ते 'निवांत'. सगळा घोळ तिथेच आहे. पुणे ते सातारा 110 किलोमीटरच्या आसपास, पुढे कास पठारावरून काठावरच्या बामणोली गावापर्यंत आणखी पस्तीसेक, तोही घाटरस्ता. म्हणजे चहा-नाश्ता धरून चार तास. आठला निघालात तर बारा वाजता बामणोलीत, आणि गड अजून पाण्यापलीकडे. कोयना धरण झालं, खोऱ्यातली गावं उठली, शिवसागर जलाशय पसरला, तेव्हापासून या बाजूने वासोट्याच्या पायथ्याला जायचं तर लाँचच. परवानगीचे कागद, बोट ठरवणं, मग पाण्यावर तास-दीड तास. पायथ्याच्या मेट इंदवलीला उतरलात की वनखात्याची तपासणी. प्लास्टिकच्या बाटल्या, पिशव्या मोजून घेतात, अनामत ठेवून घेतात, परतताना तेवढंच प्लास्टिक दाखवावं लागतं. (हे फार उत्तम करतात. इतर गडांवरही व्हायला हवं.) पायथ्याला मुक्काम करता येत नाही, अंधाराच्या आत बोट परत बामणोलीला लागली पाहिजे.

आता मोजा. जाता-येता बोटीचे अडीच-तीन तास, चढाई दोन ते अडीच, वर एक, उतराई दीड-दोन. वर रेंगाळणं आणि तपासणी धरली की आठ-नऊ तास कुठेच जात नाहीत. म्हणून बोट सकाळी सात-आठलाच सुटायला हवी, आणि त्यासाठी आदल्या रात्रीचा मुक्काम बामणोलीत. 'सकाळी निघून' वासोटा होतो, पण ती सकाळ बामणोलीतली. आणखी एक, बोटीचं भाडं बहुतेक वेळा माणशी नसून अख्ख्या बोटीचं असतं. चौघंच गेलात तर खिशाला जड जातं.

एका डिसेंबरात आम्ही साडेदहाला बोटीत बसलो होतो. 'होईल की' असं म्हणणारा मीच. माथ्यावर जेमतेम वीस मिनिटं मिळाली, डबे उघडलेच नाहीत, आणि उतरताना पाचलाच झाडीत इतका काळोख की पायाखालचा दगड दिसेना. काठावर बोटवाले काका उभेच होते. एक शब्द बोलले नाहीत, नुसतं मनगटाकडे बघितलं.

दोन तासांत माथा? होतो, रोज पळणाऱ्याचा. ओढा आणि मारुती-गणपतीच्या मूर्ती मागे पडेपर्यंत वाट गोड बोलते, मग अंगावरचा चढ लागतो तो सुटतच नाही. एकंदर उंची पाचशे मीटरच्या पुढचीच. गटातला सगळ्यात सावकाश चालणारा जो असेल, त्याच्या वेळेने हिशेब करायचा.

झाडीचं म्हणणं अर्धं खरं. खालचं रान इतकं दाट आहे की भर दुपारी सावली असते. पण तिथे वारा नाही, घामाने अंग निथळतं, आणि तहान उन्हापेक्षा घामाने जास्त लागते. वरच्या टप्प्यात झाडी संपते, कारवीची झुडपं आणि गवत उरतं, तिथे ऊन थेट डोक्यावर. माणशी तीन लिटर पाणी. गडावर पाण्याचं टाकं आहे, पण त्याच्या भरवशावर मी कोणाला नेणार नाही.

मोबाईलचं काय बोलायचं! रेंज नसते, दाट झाडीत नकाशावरचा ठिपका इकडेतिकडे सरकतो. वर एक वाट नागेश्वरच्या गुहेकडे फुटते. तिकडे भरकटलात तर बोट गेलीच समजा. शिवाय हे कोयना अभयारण्य, 2010पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पातलं. गवे आहेत, अस्वलं आहेत. मागे-पुढे पांगून चालायची ही जागा नाही. स्थानिक वाटाड्या घ्या. पेशव्यांच्या काळात हा गड कैदी ठेवायला वापरत, 1818मध्ये इंग्रजांनी घेतला तेव्हा त्यांचे दोन अधिकारी इथेच अटकेत होते. तुरुंगासाठी ही जागा निवडणाऱ्यांना 'वाट चुकायचा प्रश्न नाही' हे वाचून हसू आलं असतं.

पावसाळ्यातला स्वर्ग तर वनखातंच बंद ठेवतं. कोयनेच्या या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. ओढे चढतात, वाट निसरडी, जळवा वेगळ्याच. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत जा.

मावशी म्हणाली, "अरे, मग मी येऊ की नको?" ये म्हटलं. आदल्या रात्री बामणोलीला, बूट आधी दोन-तीनदा पर्वतीवर घालून. बाबूकड्याचा तो अर्धगोल तुटलेला कडा बघायला तिला न्यायचंच आहे, फक्त तिथे बसून डबा खायला तासभर हवा.