परदेशातून: शिकाऊ उमेदवार विद्यार्थी की कामगार?

हल्ली साताऱ्याला ताईचा फोन लावला, की विषय एकच असतो: भाच्याने बारावीनंतर नेहमीच्या बी.कॉम.ला जावे, की ज्यात काही सत्रे कंपनीत उमेदवारी करून पदवी मिळते त्या नव्या अभ्यासक्रमाला? (उमेदवारी म्हटले, की आमच्याकडे आधी निवडणूक आठवते, ही गोष्ट वेगळी.) अशा पदव्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली असून तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे उमेदवारीसाठी ठेवता येतात. कंपनी पोराला फायली उचलायला ठेवील, अशी ताईला धास्ती आहे; दाजींचे म्हणणे असे, की निदान हात तरी कामाला लागतील.

साताऱ्याने या कल्पनेला बिचकावे, याचे मला नवल वाटते. ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, ते स्वतः किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेले होते, आणि ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत. माझे वडील याच योजनेतून पदवीधर झाले. मात्र सकाळी वसतिगृहाच्या शेतात चालवलेल्या कुदळीचा आणि दुपारी वर्गात शिकलेल्या इतिहासाचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. त्या कामाने त्यांच्या जेवणाची सोय झाली आणि श्रमाची लाज गेली, हे थोडे नव्हे. पण ते काम त्यांच्या अभ्यासाचा भाग कधीच नव्हते.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून रुळलेल्या उमेदवारीतून पदवीच्या पद्धतीत काम हाच अभ्यासाचा भाग असतो. कॉव्हेंट्रीजवळच्या ज्या यंत्रभागांच्या कारखान्यात मी नोकरी करतो, तेथे माझ्या हाताखाली शिकणारी मुलगी चार दिवस कारखान्यात आणि एक दिवस विद्यापीठात असते, आणि त्या पाचव्या दिवसाचाही पगार तिला मिळतो. तिच्याच वयाची पूर्णवेळ शिकणारी मुले २०२५-२६ मध्ये ९,५३५ पाऊंडांपर्यंतच्या वार्षिक शुल्कासाठी कर्ज काढत असताना तिला शुल्कापोटी एक पेनीही द्यावी लागत नाही. ज्या मालकांचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पाऊंडांच्या वर आहे, त्यांच्याकडून वरच्या रकमेवर अर्धा टक्का आकार सरकार २०१७ पासून घेते, आणि तो पैसा मालकाला उमेदवारांच्या शिक्षणावर खर्च करता येतो.

तरीही मला महत्त्वाचा वाटतो तो पैसा नव्हे. दर तीन महिन्यांनी विद्यापीठाचे प्राध्यापक कारखान्यात येतात आणि तिच्याबरोबर मलाही समोर बसवतात. गेल्या हिवाळ्यात मागणीचा रेटा होता म्हणून मी तिला सलग आठ आठवडे एकाच तपासणीच्या टेबलावर ठेवले होते. पहिल्या आठवड्यानंतर ती तेथे नवीन काय शिकली, एवढेच त्यांनी विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढच्या सोमवारी ती आरेखन विभागात गेली.

असा प्रश्न आपल्याकडे कोण विचारणार? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचे कलम १८ सांगते, की उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. आरोग्य, सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई यांच्या तरतुदी त्याला लागू होतात, इतर कामगार कायदे होत नाहीत. येथे इंग्लंडमध्ये उमेदवार मात्र रीतसर नोकरीच्या करारावर असतो. म्हणजे आपल्या मुलाला कामगाराचे संरक्षण नाही आणि कॉलेजचे कोणी कंपनीत फिरकले नाही तर विद्यार्थ्याचेही नाही. विद्यावेतनावर राबणारा स्वस्त हात एवढेच त्याचे रूप उरते. ताईची भीती मला खरी वाटते ती याच जागी, आणि म्हणून केवळ विद्यावेतनाचा आकडा वाढवून ती जाईल असे मला वाटत नाही.

इंग्लंडमध्ये सारे आलबेल आहे, असेही नाही. अनेक कंपन्यांनी शिक्षणाचा हा पैसा आधीच स्थिरावलेल्या व्यवस्थापकांच्या पदव्युत्तर पातळीच्या प्रशिक्षणावर खर्च केला, तेव्हा जानेवारी २०२६ पासून त्या पातळीचा निधी नव्याने सुरुवात करणाऱ्यांपैकी मुख्यतः २१ वर्षांपर्यंतच्या तरुणांपुरता ठेवावा लागला. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदाराची अडचण याच्या उलट आहे: दहा माणसांत काम ओढणाऱ्याने शिकवायला अकरावा माणूस कोठून आणावा? त्याच्यावर नुसती सक्ती करून उपयोग नाही. शिकवण्याचा भार कॉलेजनेही उचलला पाहिजे.

मी ताईला एवढेच सुचवले, की उमेदवारीच्या काळात कॉलेजमधील कोण, किती दिवसांनी कंपनीत येऊन मुलाचे काम पाहणार, हे प्रवेशाआधी लेखी मागावे. दाजी परवा कॉलेजात जाऊन आले. “कंपनी ठरली की कळवू,” असे उत्तर मिळाले. भाच्याचा अर्ज अजून भरलेला नाही.