सगळ्या बायकांची आवड एकच कशी असेल?

‘ऐंशी टक्के पुरुष बायकांना कुरूपच वाटतात, सगळ्या जणींना तोच सहा फुटी, पिळदार दंडांचा पुरुष हवा असतो, आणि हे निसर्गानेच ठरवलेले आहे,’ असा मजकूर सध्या बडोद्यातल्या मराठी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली कोवळी पोरे तो खरा मानून खचतात, हे मला पाहवत नाही.

ऐंशी टक्क्यांचा आकडा ओकेक्यूपिड या अमेरिकी डेटिंग संकेतस्थळाने २००९ मध्ये प्रसिद्ध केला होता. तेथील स्त्रियांनी छायाचित्रांना दिलेल्या गुणांवरून सुमारे ८० टक्के पुरुष मध्यमाहून कमी देखणे ठरले. मात्र बायकांचे पुष्कळसे संदेश याच पुरुषांना जात होते, ही त्याच पाहणीतली नोंद मजकुरातून गाळली गेली आहे. शिवाय हे गुण असंख्य जणींचे मिळून काढलेले आहेत. एकीने ज्याला पाच गुण दिले त्यालाच दुसरीने एक दिला, तर सरासरी तीन येते आणि त्या तिनात दोघींपैकी कोणाचीच आवड उरत नाही.

आवड निसर्गदत्त आणि सर्वांची सारखी असते, हे म्हणणे तर जुळ्यांच्या अभ्यासापुढे टिकतच नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जुळ्यांच्या साडेसातशेहून अधिक जोड्यांना चेहरे दाखवून गुण द्यायला सांगितले होते. चेहऱ्यांबाबत माणसांचे साधारण निम्मे एकमत होते आणि निम्मी आवड ज्याची त्याची असते. आणि या वेगळेपणात आनुवंशिकतेपेक्षा प्रत्येकाच्या स्वतःच्या अनुभवांचा वाटा मोठा असतो, असे त्यातून दिसले. नवरात्रात गरब्याहून परतलेल्या माझ्या भाच्या आणि त्यांच्या मैत्रिणी पायातले दुखणे विसरून ज्या गप्पा मारतात, त्यांतही हेच ऐकू येते. एकीला सावळ्या मनगटावरचे चांदीचे कडे आठवत असते, दुसरी एका चष्मेवाल्या, काटकुळ्या मुलाच्या लांब बोटांवर भाळलेली असते, तिसरीला दाढीशिवाय पुरुषच दिसत नाही. आणि प्रत्येकीला दुसरीची निवड अजब वाटते.

उंचीबाबत मी एवढे मान्य करते की बहुतेक जणींना जोडीदार आपल्यापेक्षा उंच हवा असतो. पण पाच फुटांच्या मुलीला साडेपाच फुटी मुलगा चांगला उंच वाटतो, तिला सहा फुटांचे काय करायचे?

मासिक चक्राबरोबर स्त्रिया ‘मर्दानी’ चेहऱ्यांकडे ओढल्या जातात, हेही विज्ञान म्हणून पुढे केले जाते. २०१८ मध्ये ५८४ स्त्रियांच्या संप्रेरकांची तपासणी करून झालेल्या अभ्यासात त्याला आधार मिळाला नाही.

राहिला प्रश्न छायाचित्रांचा. अनोळखी चेहऱ्याला फोनवर दिलेले गुण ओळख झाल्यावर तसेच राहत नाहीत. अमेरिकेतल्या १६७ जोडप्यांच्या अभ्यासात, एकमेकांना आधी दीर्घकाळ ओळखून मग प्रेमात पडलेल्यांमध्ये दोघांच्या देखणेपणाची बरोबरी बरीच कमी आढळली, तर ओळख होताच जुळलेल्यांमध्ये ती जास्त होती.