पन्नास पैशांचे पीक

डिसेंबर आला की ‘अमुक तालुक्याची पैसेवारी पन्नासच्या आत’ अशा बातम्या येऊ लागतात. मागे अशीच एक बातमी वाचून शहरात वाढलेल्या माझ्या भाचीने विचारले, "मामा, पन्नास पैशांत शेतकऱ्याचे काय होणार?" तिला ती मदतीची रक्कम वाटली होती. यात तिची काहीच चूक नाही.

हा पैसा म्हणजे रक्कम नव्हे, हिस्सा आहे. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा भरघोस पीक म्हणजे सोळा आणे पीक आणि निम्मे हाती आले तर आठ आणे. माझे आजोबा ज्वारीचे कणीस तळहातावर चोळत, फुंकर मारून कोंडा उडवत आणि उरलेल्या दाण्यांकडे बघून सांगत, "यंदा दहा आण्यांच्या वर जात नाही." हीच आणेवारी. सामाईक जमिनीच्या सातबाऱ्यावर भावाभावांचा वाटाही आण्या-पैंतच लिहिलेला असे. त्यामुळे ‘आमची चार आणे आणेवारी’ म्हणजे चौथा हिस्सा, हे गावात आजही कुणाला समजावावे लागत नाही.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि पुढे सरकारी कागदांत आणेवारीची पैसेवारी झाली. आज निवडक शेतांत चौकोन आखून तेवढेच पीक कापतात, मळून दाण्यांचे वजन करतात आणि ते वजन ‘प्रमाण उत्पन्ना’शी, म्हणजे अपेक्षित धरलेल्या भरघोस पिकाशी, ताडून पाहतात. त्यातून निघालेला आकडा पन्नासच्या आत असला, तर जमीन महसुलात सूट, पीककर्जाचे पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात 33.5 टक्के सवलत, मुलांचे परीक्षा शुल्क माफ, अशा सवलतींची वाट मोकळी होत आली आहे. 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर पाऊस आणि जमिनीतील ओल असे निकष पुढे आले, तरी पारावरचा प्रश्न तोच असतो: "आणेवारी किती लागली?"

एका वर्षी आमच्या गावाला बावन्न पैसे लागले. ओढ्याकाठच्या बागायतीने सरासरी वर ओढली होती आणि माळावरच्या ज्या घरांत चार पोतीही ज्वारी आली नव्हती, त्यांचे सारे वर्ष त्या वरच्या दोन पैशांत अडकले. म्हणून वर्तमानपत्रांना माझी कळकळीची विनंती आहे की, नुसता पैशांचा आकडा छापू नका. ‘या गावांत निम्मेही पीक आले नाही’ असे सरळ मराठीत लिहा आणि शेजारी, हवे तर कंसात, पैसेवारी द्या.