नव्याचे नऊ दिवस आणि त्वचेचे 28

हा लेख वाचायला बसण्याआधी तोंडाला शीट मास्क लावून घ्या. चेहरा रिकामा ठेवू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला नियम. शिवाय मास्क लावला की वाचताना हसता येत नाही, आणि हसण्यानं सुरकुत्या पडतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. पंधरा-वीस मिनिटं ठेवा असं पाकिटावर लिहिलेलं असतं. आपल्याला तेवढा वेळ पुरे.

लावलात? आता आरसा आणा. साधा नको, त्यात नुसता माणूस दिसतो. दहापट मोठं दाखवणारा, भोवती दिव्यांची कडी असलेला आणा आणि त्यात नाकापासून चार बोटांवरून स्वतःला न्याहाळा. इतक्या जवळून तुमचा चेहरा दुसरं कुणी पाहत नाही, आणि जे तेवढं जवळ येतात त्यांचे डोळे बहुधा मिटलेले असतात, असली पळवाट काढू नका. पूर्वी माणसाला फक्त नाक असायचं. आता नाकावर रंध्रं असतात, रंध्रांत सेबेशियस फिलामेंट्स, म्हणजे तेलाचे बारीक काटे, असतात आणि या सगळ्यावर मिळून ‘टेक्स्चर’ असतं. टेक्स्चर म्हणजे त्वचा त्वचेसारखी दिसणं. हा आजार असल्याचं कळायला माणसाला हजारो वर्षं लागली. तुम्हाला एक व्हिडिओ पुरला.

रंध्रांपासूनच सुरुवात करू. वाफेनं ती उघडतात आणि बर्फानं मिटतात, हे तोंडपाठ करा. रंध्रांना उघडझाप करणारे स्नायूच नसतात, वाफेनं फार तर आतलं तेल मऊ होतं, असं कुणी सांगायला आलं तर त्याच्या नाकाकडे रोखून पाहा, तो आपोआप गप्प होईल. नाकावर पट्टी चिकटवून ती खस्सकन ओढायची आणि निघालेले बारीक काटे उजेडात धरून मोजायचे, यातलं सुख त्याला काय कळणार? ते काटे म्हणजे त्वचेवर तेल आणून सोडणारी निसर्गाची साधी सोय आहे आणि महिनाभरात ती पुन्हा भरते, हे खरं. पण पुन्हा भरते म्हणूनच तर पट्ट्यांचा जोड पॅक मिळतो.

आता मुख्य कानमंत्र. थांबायचं नाही.

बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी वर सरकत सरकत येते आणि गळून पडते. तरुण त्वचेत या प्रवासाला साधारण 28 दिवस लागतात, वय वाढलं की आणखी जास्त. म्हणजे एखादं सीरम डागांवर काही करतंय की नाही हे कळायला निदान महिना-दोन महिने तेच ते लावत बसावं लागणार. रेटिनॉलची, म्हणजे व्हिटॅमिन एच्याच एका रूपाची, तर आणखी तऱ्हा. बारीक सुरकुत्यांवर फरक दिसायला त्याला तीन-तीन महिने लागतात, आणि मधल्या काळात ते सालपटं काढतं ते वेगळंच. एवढ्या अवधीत दहा ट्रेंड येऊन जातात! जुन्या लोकांनी नव्याला नऊ दिवस दिले होते, तो हिशोब आपल्याला पुरेसा आहे. दहाव्या दिवशी बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत गेली पाहिजे. 28 दिवस टिकलेली बाटली चुकून उपयोगी ठरली, तर पुढची घ्यायला निमित्त काय उरणार?

तेव्हा सोमवारी नायसिनमाइड, मंगळवारी व्हिटॅमिन सी, बुधवारी ग्लायकॉलिक ॲसिड, रात्री रेटिनॉल आणि रविवारी सगळ्यांची एकत्र बैठक. त्वचेचा सगळ्यात वरचा राखणदार थर जेमतेम 0.01 ते 0.02 मिलिमीटर जाडीचा, म्हणजे वहीच्या कागदाहूनही कितीतरी पातळ. एवढ्याशा थराला आपण चार-चार ॲसिडं पाजतो आणि वर स्क्रबनं घासतो, यातच आपला त्याच्यावरचा विश्वास दिसतो. चेहरा लाल झाला, चुरचुरला, पुरळ उठलं, तर घाबरायचं कारण नाही. त्याला ‘पर्जिंग’ म्हणायचं. फार गुणाचा शब्द आहे हा. रेटिनॉलनं सुरुवातीला काही आठवडे पुरळ वाढू शकतं एवढाच त्याचा मूळ अर्थ. पण आपण तो कुठल्याही क्रीमनं उठलेल्या कुठल्याही पुरळाला लावू शकतो. ॲलर्जीलासुद्धा.

मी स्वतः अशी तीन आठवडे पर्ज होत होते. साबण लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. बाईंनी माझी सोळा नावांची यादी शांतपणे वाचली, सगळं बंद करायला सांगितलं आणि चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून दिल्या. सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. एवढी फी मोजून तीनच! मला फसल्यासारखं वाटलं, म्हणून मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तीनच लिहिल्या, अक्षर मात्र वाईट होतं. या लोकांना ट्रेंड कळत नाहीत हेच खरं.

खरेदी करताना बाटलीची पुढची बाजू वाचावी, मागची वाचू नये. पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत दुर्मिळ फुलाचं नाव असतं. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटकांची यादी असते, आणि ती रसभंग करते. युरोप-अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहावे लागतात, पण एक टक्क्याखालच्यांना कुठलाही क्रम चालतो. त्यामुळे ते दुर्मिळ फूल शेवटच्या गर्दीत पुढे सरकून उभं राहू शकतं. एक खूण सांगते, पण वापरू नका: फिनॉक्सिइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घातलेलं रसायन युरोपात एक टक्क्याहून जास्त चालत नाही. तुमचं फूल यादीत त्याच्याही खाली सापडलं, तर ते बाटलीत चवीपुरतंच असण्याची शक्यता दाट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पण तुम्ही मागची बाजू वाचणारच नाही आहात, तेव्हा वाळा सोन्याचाच.

कोलॅजेन क्रीमचंही तसंच. रेणूचं वजन डाल्टनमध्ये मोजतात; निरोगी त्वचेतून साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू सहसा आत शिरत नाहीत आणि कोलॅजेनचा अख्खा रेणू जवळपास 3 लाख डाल्टनचा. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथे शेपूटसुद्धा आत जात नाही. हत्ती दारातच बसून वरवरचा ओलावा धरून ठेवतो. चांगलंच आहे की. कोणतंही बरं मॉइश्चरायझर तेच काम करतं, पण त्याच्या डबीवर हत्ती नसतो.

‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी, हा शब्द दिसला की डोळे मिटून घ्या. या शब्दाला काही पुरावा लागावा म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 1975 मध्ये नियम केला होता. प्रसाधन कंपन्या कोर्टात गेल्या आणि 1977 मध्ये तो नियम रद्द झाला. तेव्हापासून तिथे कंपनी म्हणेल तो त्या शब्दाचा अर्थ. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून दोन-चार दिवस वाट पाहणारी माणसं असतात म्हणे. वाट पाहण्याबद्दलचं आपलं धोरण मी वर सांगितलंच आहे.

सनस्क्रीनबद्दल मात्र मी फार गंभीर आहे. लावाच. वाटाण्याएवढं घ्या, अख्ख्या तोंडाला पुरवा आणि दिवसभर विसरून जा. प्रयोगशाळेत एसपीएफचा, म्हणजे उन्हाच्या चटक्यापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा ठरवताना दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम असा जाड थर देतात. चेहरा आणि मान मिळून साधारण दोन बोटांच्या लांबीएवढं क्रीम होतं ते. माणसं सहसा त्याच्या पाव ते निम्मं लावतात, आणि मग बाटलीवरचे 50 बाटलीवरच राहतात. त्यावर आपल्याकडे उपाय आहे तो बेरजेचा. प्रायमरमध्ये 15, फाउंडेशनमध्ये 20, पावडरमध्ये 15, झाले 50! त्वचेला बेरीज येत नाही आणि फाउंडेशन कुणी पुट्टीसारखं लावत नाही, हा काही गणिताचा दोष नाही.

आकडा मात्र चढाच घ्यावा. नीट लावलेलं एसपीएफ 30 चटका देणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी साधारण 97 टक्के अडवतं आणि 50 साधारण 98. त्या एका टक्क्यासाठी मैत्रिणीशी वाद घाला. तेवढ्यात दोन तास उलटतील आणि पुन्हा लावायची वेळ टळेल. खिडकीशी बसून काम करत असाल तर तर लावूच नका; काचेतून यूव्हीए किरण बऱ्यापैकी आत येतात आणि त्वचेला म्हातारी करतात ते प्रामुख्यानं तेच, पण ते चटका देत नाहीत. जे पोळत नाही त्याला कशाला घाबरायचं? डाग पडले की आपल्याकडे सीरम आहेच. नऊ दिवसांचं.

आता नैसर्गिक गोष्टींकडे वळू. जे जे नैसर्गिक ते ते निर्धोक, असं मनावर कोरून ठेवा. लिंबाचा रस नैसर्गिक आहे. त्याचा सामू 2 च्या आसपास आणि त्वचेचा 5 च्या, म्हणजे एक आंबटढाण आणि दुसरी किंचित आंबट. लावून उन्हात गेलात तर फोड येऊन काळे डाग पडू शकतात, तेही अगदी नैसर्गिक असतात. शिसंही जमिनीतूनच येतं. अठराव्या शतकात मरिया गनिंग ही काउंटेस ऑफ कोव्हेंट्री लंडनच्या उच्चभ्रू वर्तुळात सौंदर्यासाठी गाजली होती. ती शिशाचा सफेदा तोंडाला फासायची. सफेद्यानं त्वचा खराब व्हायची, ते झाकायला आणखी सफेदा. 1760 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ती गेली, आणि तिला त्या सफेद्यानंच नेलं असं मानतात. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं? पर्जिंग म्हटलं असतं.

1933 साली अमेरिकेत पापण्यांना लावायचा ‘लॅश लुअर’ नावाचा रंग विकला जात होता. त्यानं बायकांच्या डोळ्यांना भयानक इजा झाल्या, काहींची दृष्टी गेली, एकीचा जीव गेला. आणि मग 1938 च्या कायद्यानं सौंदर्यप्रसाधनं सरकारी देखरेखीखाली आणली. त्यावर उपरोध सुचत नाही, म्हणून पुढे जाते.

ब्रश आणि स्पंज धुण्याच्या भानगडीत पडू नका, त्यांचा आकार बिघडतो. ब्रिटनमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये लोकांचं वापरातलं मेकअपचं सामान तपासलं. स्पंजांपैकी 93 टक्के कधीच धुतलेले नव्हते आणि 64 टक्के कधी ना कधी जमिनीवर पडून पुन्हा कामाला लागले होते. एकूण सामानातल्या बहुतेक वस्तूंवर जिवाणू निघाले. बघा, तुम्ही एकट्या नाही आहात; स्पंजवर तर मुळीच नाही. मस्कारा तीन महिन्यांत बदलावा म्हणतात, पण ज्या नळीशी तुमच्या इतक्या आठवणी जोडलेल्या आहेत ती फेकवेल का? डबीवर उघड्या झाकणाचं छोटं चित्र आणि त्यात ‘6एम’ किंवा ‘12एम’ असं काहीतरी असतं. ते उघडल्यापासूनचे महिने आहेत हे कळलं तरी, उघडली कधी हे कुणाला आठवतं?

राहता राहिला मेकअप. सध्याचा सगळ्यात कष्टाचा प्रकार म्हणजे ‘नो मेकअप मेकअप’, अर्थात काहीच लावलेलं नाही असं दिसण्यासाठी लावायच्या अकरा गोष्टी. प्रायमर, कन्सीलर, स्किन टिंट, क्रीम ब्लश, भुवयांचं जेल आणि इतर. पन्नास मिनिटं खपून बाहेर पडलात आणि कुणी “आज काही लावलं नाहीस का?” असं विचारलं, की समजा जमलं. त्याच वेळी तुम्हाला रडू आलं तर मस्कारा वॉटरप्रूफ असू द्या. फाउंडेशनची छटा दुकानाच्या पिवळ्या उजेडात, मनगटावर लावून ठरवावी. जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहिली तर ती जुळण्याचा धोका असतो. मी अशीच एक छटा घेतली होती. दुकानात मी उजळले, रस्त्यावर आल्यावर राखेत लोळल्यासारखी दिसले, आणि मान बिचारी आपल्या मूळ रंगात खाली उभी राहिली. ती बाटली अजून आहे, मागच्या रांगेत. तिथे आता बरीच वस्ती झाली आहे.

झालं. लेख संपला, पण मास्कची पाच-सात मिनिटं उरली असतील. कडा सुकू लागल्या, हनुवटीपाशी कापड सुटलं, तरी काढायचा नाही. उलट रात्रभर ठेवा, म्हणजे पैसे पुरेपूर वसूल. तोवर फोन हातात घ्या. तुम्ही हा लेख वाचायला बसलात तेव्हा ग्लास स्किन, म्हणजे काचेसारख्या चकाकत्या त्वचेचा ट्रेंड, चालू होती. अजून आहे का बघा, आणि नसेल तर मलाही कळवा, माझी ग्लास स्किनची बाटली कालच आली आहे.