चार इंच लिफ्टवाल्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इसुझूच्या व्ही-क्रॉस पिकअपला दोन इंचांच्या वर लिफ्ट, म्हणजे सस्पेन्शनमध्ये बदल करून वाढवलेली उंची, नको हा माझा सल्ला भित्रेपणाचा आहे. तुम्ही समोर स्पेसर (जाड चकती) आणि मागे ब्लॉक (धातूचा ठोकळा) टाकून स्वस्तात चार इंच काढले, गाडी मस्त चालते, आणि उमरेडकडच्या पांदणीत उंची नसेल तर गाडी टेकतेच. शिवाय दोन इंच तरी कायद्यात कुठे बसतात, असा टोमणाही मारलात.

पांदणीपासूनच सुरू करू. पावसाळ्यात ट्रॅक्टरने दोन्हीकडे खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे काळ्या मातीचा वरंबा. त्याच्यावर सगळ्यात आधी टेकतो मागच्या एक्सलवरचा डिफरन्शियलचा (चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा. तो एक्सल पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) खाली, चाकांना बांधलेला. तुम्ही ब्लॉक टाकला पाटे आणि एक्सलच्या मधे; म्हणजे चेसी वर गेली, गोळा होता तिथेच राहिला. तो उचलायचा तर टायरच मोठं लागतं, आणि तिथेही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मंच मिळतं. 255/60 आर 18 काढून 265/60 टाकलं तर व्यास 12 मिलिमीटरने वाढतो आणि गोळा फक्त 6 ने. लिफ्टचा खरा फायदा नाल्यात उतरता-चढताना, बंपर आणि पोट वाचवायला. तेवढ्याला दोन इंच पुरतात. काळ्या मातीत तर उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि कमी केलेली हवा जास्त कामाची.

आता समोरचं. इथे एक्सल सलग नाही, दोन्ही चाकं आपापल्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यांवर). स्पेसर शॉकअपच्या डोक्यावर बसतो, आणि आर्मच्या लांबीमुळे एक इंचाच्या स्पेसरने चाकाशी दोनेक इंच मिळतात. म्हणून तो स्वस्त वाटतो. पण शॉकअपची चाल तेवढीच राहते, फक्त खाली सरकते. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबलं की वरचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाकाकडचा भाग जोडणारा सांधा) त्याच्या हद्दीबाहेर वाकतो, ड्राइव्ह शाफ्टचे (चाकाला जोर पोहोचवणाऱ्या दांड्याचे) जॉइंट तिरके होतात, आधी रबरी बूट फाटतो आणि मग आत माती. चार इंच हवेच असतील तर वरचे आर्म बदलणं, डिफरन्शियल खाली घेणं असं सगळं आलं. मग स्वस्त कुठे राहिलं?

मागच्या ब्लॉकचं तर मला मुळीच पटत नाही. लो गिअरमध्ये जोर लावला की एक्सल पिळतो, पाटे वेडेवाकडे होतात. ब्लॉक जितका उंच तितका पीळ जास्त. त्याऐवजी वजन बघून पाटे निवडा. तुम्ही काटोलहून संत्र्याचे क्रेट नागपूरच्या कळमना बाजारात नेता असं लिहिलंय, म्हणजे गाडी जाताना भरून, येताना रिकामी. कायम 300 किलो धरून बनवलेले पाटे रिकाम्या गाडीला उडवतील. तुम्हाला मधले लागतील. उंची त्यातून आपोआप येते.

कायद्याचा टोमणा मान्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये दोन इंच माफ असं कुठेच लिहिलेलं नाही, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विम्याच्या क्लेमचं दुखणं वेगळं.

"मस्त चालते" याबद्दल एक विनंती. लिफ्टनंतर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) घटतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, वेगात गाडी भटकते. अलाइनमेंट करून कॅस्टरचे डाव्या-उजव्या चाकांचे दोन्ही आकडे असलेला कागद घ्या. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं मापही टेपने घ्या, गाडी रिकामी असताना आणि भरलेली असताना. हे आकडे इथेच टाका, मग तुमच्या चार इंचांवर नीट बोलता येईल.